हेल्मेटवाली नजमा

नजमे,

तू गेल्यानंतरचा तुझा चाळिसावा दिवस झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी धनाजी पैलवान मैदानावर माझ्या शेजारी येऊन बसला. बराच वेळ बुटाच्या टोकानं माती उकरत राहिला. मग म्हणाला, "सारिका, एक इचारू? रागाला जाऊ नगंस. ती एवढं हेल्मेट-हेल्मेट करायची. त्या दिवशी घातलंबी हुतं. मग उपेग काय झाला?"

तो टोमणा मारत नव्हता. तुझ्या मयतीला कबरस्तानाच्या दारात सगळ्यांत जास्त वेळ उभा राहिलेला माणूस तो. पण आसपास बूट बांधत बसलेल्यांचे हात थांबले आणि सगळी माझ्या तोंडाकडं बघायला लागली. गंमत बघ, उत्तर माझ्याकडून हवं होतं. ह्याच मैदानावर कॉलेजची सगळी वर्षं तुझ्याशी हेल्मेटवरून जी सगळ्यांत जास्त भांडली, तिच्याकडून.

 तुलाच विचारून घ्यावं असं वाटलं, आणि तेव्हा कळलं की आता तसं विचारता येणार नाही. म्हणून आज हे लिहितेय.

आपल्या मैदानाचं गेट आठवतंय ना? सकाळी सहाच्या सुमाराला गेटबाहेर स्कूटरांची रांग लागायची, आणि त्या सगळ्या रांगेत हेल्मेट एकच, तुझं. बाकीच्यांची हेल्मेटं घरी माळ्यावर. नाहीतर पेठ नाक्याला पोलीस उभे असले की कोपराला अडकवलेली. तू एकदा संजनाला विचारलं होतंस, "कोपरात मेंदू हाय का गं तुझा?" त्यावर ती आठवडाभर तुझ्याशी बोलली नव्हती.

प्रत्येकाचं कारण वेगळं. संजनाचे केस. कबड्डीच्या पोरांचं म्हणणं, कॉलेजचं नाव पाठीवर लिहिलेलं जॅकेट घालून गावातून जायचं आणि तोंड डब्यात झाकायचं, मग आपण कोण ते कळणार कसं? धनाजीचे कान. मॅटवर घासून घासून मुडपलेल्या त्या कानांवर हेल्मेट चढवताना त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं, ते मी स्वतः बघितलंय. आणि सगळ्यांत मोठं कारण जे सगळ्यांचंच होतं, ते म्हणजे आपण खेळाडू. दिवसातून शंभरदा पडणारी माणसं. गुडघे, कोपरं, खुबे, सगळीकडं खरवडलेलं. आपल्याला पडता येतं. हेल्मेट त्यांनी घालावं ज्यांना पडायची सवय नाही.

माझं कारण मात्र ह्या सगळ्यांपेक्षा चांगलं होतं, असं मला तेव्हा वाटायचं आणि खरं सांगू, थोडं अजूनही वाटतं. मी पळणारी. खो-खोत पळणारीला मागचं दिसत नसतं, ऐकू येत असतं. पाठीमागं कुणाचा पाय मातीत घासला, कुणी खो दिला, हे कानानं समजलं की अंग आपोआप वळतं. हेल्मेट घातलं की मला माझे कान काढून ठेवल्यासारखं व्हायचं. हे मी तुला सांगितलं तेव्हा तू शांतपणे म्हणालीस, "रस्त्यावर खो देऊन कोण मागं लागत न्हाई गं सारे. तिथं शिट्टी वाजवायला पंचबी नसतो."

पण तूसुद्धा आधी आमच्यातलीच. पहिल्या वर्षी तुझ्याही डोक्यावर काही नसायचं. वारा लागायला पाहिजे म्हणायचीस. ते बदललं साताऱ्याला.

तिथल्या सामन्याच्या गोष्टी मी तुला इतक्या वेळा सांगितल्या की शेवटी मलाही त्यातलं खरं कुठलं आणि तुला खूष करायला घातलेलं कुठलं हे सांगता येईना. तुला त्या दुपारचं काही आठवत नव्हतं, म्हणून माझ्याकडून परत परत ऐकायचीस. कॉलेजांचे सामने, अंतिम फेरी, समोर साताऱ्याचा संघ, त्यांची एकच पोरगी मैदानात उरलेली. ती खांबाला वळसा घालणार एवढ्यात तू सूर मारलास. आपल्या संघात तुझ्यासारखा सूर कुणाचा नव्हता. जमिनीला समांतर, हात लांब, आणि पडताना खांदा असा आत घ्यायचीस की मातीसुद्धा उडायची नाही. आपले खो-खोचे सर नव्या पोरींना म्हणायचे, "पडायचं कसं ते नजमाकडं बघून शिका." त्या दिवशी तुझी बोटं तिच्या पाठीला लागली, ती बाद झाली, आपण जिंकलो. आणि तुझं कपाळ खांबावर आपटलं.

तू उठलीस, हसलीस, पोरींनी तुला उचलून घेतलं. बक्षीस घेताना फोटोत तू आहेस, व्यवस्थित उभी आहेस. पण फोटो झाल्यावर माझ्या कानाशी येऊन म्हणालीस, "आपली मॅच कवा हाय?"

डॉक्टरांनी तपासलं, लक्ष ठेवायला सांगितलं आणि सोडलं. जीपमध्ये तू माझ्या शेजारी. नागठाण्याला विचारलंस, "कोण जिंकलं?" मी सांगितलं, आपण. केवढी खूष झालीस. उंब्रजला परत विचारलंस, "कोण जिंकलं?" परत तेवढीच खूष. कराडच्या पुलावर परत. पोरी आधी हसत होत्या. कराडनंतर कुणी हसलं नाही. कासेगावच्या पुढं तू माझ्याकडं बघून अगदी अदबीनं विचारलंस, "तुमी कोणत्या कॉलेजच्या?" मी तुझा हात धरून ठेवला आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

सकाळपर्यंत तू पहिल्यासारखी झालीस. मला ओळखलंस, सरांना ओळखलंस, चहात साखर कमी आहे म्हणून अम्मीशी वादही घातलास. पण ती दुपार गेली ती गेलीच. कॉलेजात सगळे तुला तुझ्या सुराबद्दल सांगत होते आणि तू दुसऱ्याच कुणाची तरी गोष्ट ऐकत असल्यासारखी ऐकत होतीस.

पुढच्या आठवड्यात तू हेल्मेट घालून आलीस. काळंभोर, मोठं. तुझ्या बारक्या अंगावर ते एवढं दिसायचं की कबड्डीच्या पोरांनी त्याच दिवशी नाव ठेवलं, हेल्मेटवाली. तू गाडी स्टँडवर लावलीस, हेल्मेट काढलंस आणि त्यांना म्हणालीस, "तुमच्यात माझ्यापेक्षा चांगलं पडतं कोण? हात वर करा." कुणी केला नाही. "मग माझं डोकं हलतं तर तुमचं का न्हाई हलणार?"

तुझं हे मला आवडायचं. तू कुणाला पाप-पुण्य सांगितलं नाहीस, मरणाची भीती घातली नाहीस. तुझ्या तक्रारीचा मुद्दा वेगळाच होता. तुझी एक दुपार हरवली, ती जिंकलेली दुपार होती, आणि ती तुला परत पाहिजे होती. एवढंच.

आणि नुसतं बोलून थांबली नाहीस. तुझ्या अब्बांचं गाद्यांचं दुकान. तिथल्या उरलेल्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाच्या तू पातळ टोप्या शिवल्यास, हेल्मेटच्या आत घालायला. घाम टिपतो, केस चिकटत नाहीत. संजना टोपी घालून आरशासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मी उशी दिसतोय." पण दुसऱ्या दिवशी ती टोपी घालून, वर हेल्मेट घालून आली. मग दोघीतिघी आणखी आल्या. धनाजीसाठी तू दुकानातला स्पंज कापून त्याच्या हेल्मेटमध्ये कानांपुरती जागा केलीस. त्याला पुढ्यात बसवून, कानांची मापं घेऊन. एवढा मोठा पैलवान तुझ्यासमोर मान खाली घालून गप बसला होता आणि तू त्याला सांगत होतीस, "हलू नगंस रं, कान दुमडतोय."

मी तेवढी राहिले. तुझ्या मागं बसायचं तर दुसरं हेल्मेट घालावंच लागायचं, हा तुझा नियम. एकदा मी हट्टाला पेटले. पेठ नाक्यावर, मी साताऱ्याच्या एसटीतून उतरले आणि तू न्यायला आली होतीस तेव्हा. ऊन होतं, डोकं दुखत होतं, म्हणाले नाही घालत. तू म्हणालीस, "मग चालत ये." मी म्हणाले, "पळत येते." आणि खरंच पळायला लागले. तू गाडी माझ्या बाजूनं हळूहळू चालवत. "दमलीस?" "न्हाई." "पाणी पायजे?" "न्हाई." "हेल्मेट पायजे?" "न्हाई." ऊस भरलेल्या ट्रॅक्टरवाल्यांनी वळून वळून बघितलं. मागून सर त्यांच्या गाडीतून आले, काच खाली करून म्हणाले, "शाब्बास सारिका, नजमाला घेऊन हा सराव रोज करत जा," आणि निघून गेले. तू एवढी हसलीस की गाडी बाजूला घेऊन थांबावं लागलं. मीही बसले मग रस्त्याच्या कडेला. हेल्मेट मात्र घातलं नाही. तू गाडी ढकलत माझ्याबरोबर चालत आलीस.

मी आटपाडीकडची. आमच्या घरात माझ्या आजोबांपर्यंत सगळी मेंढरांमागं फिरलेली. इस्लामपूरच्या हॉस्टेलवर आले तेव्हा मला सुट्टीच्या दिवशी काय करायचं ते कळायचं नाही. तू मला घरी घेऊन गेलीस, आणि त्यानंतर अम्मींनी तुझ्याबरोबर मलाही जेवायला धरलं. मला ताप आला तेव्हा तुमच्याच घरी पडून होते. माझे आण्णा मला बघायला आले तर अब्बांनी त्यांच्यासाठी दुकानातली नवी कोरी गादी अंथरली. सकाळी बघितलं तर आण्णा गादीच्या शेजारी फरशीवर घोंगडं टाकून झोपलेले. अब्बा म्हणाले, "पावणं, गादी टोचली का काय?" आण्णा म्हणाले, "न्हाई वो, लय मऊ हाय. पडीन असं वाटलं." दोघं हसले. त्या हसण्यानंतर ते एकमेकांना फोन करायला लागले. मंगळवारी तुझी बातमी गेली तेव्हा आण्णा रानातली कामं तशीच टाकून पहिल्या गाडीनं आले होते. अब्बांच्या शेजारी बसून राहिले. 

त्या संध्याकाळबद्दल मी अजून कुणाशी नीट बोलले नाही. तुझ्याशीच बोलते.

तू आष्ट्याजवळच्या शाळेतल्या पोरींना खो-खो शिकवून परत येत होतीस. ऊन उतरत आलं होतं. तुझा फोन आला तेव्हा तुझा आवाज अगदी नेहमीसारखा होता. "सारे, पडली बघ मी. उसाची ट्रॉली कलंडली, तिला चुकवायला गेले. घाबरू नगंस. हँडल लागलंय पोटात जरासं."

सर आणि मी आलो तर तू बाभळीखाली बसलेली. ऊसतोडीच्या बायका तुझ्याभोवती, एकजण पदरानं वारा घालत होती. तू हेल्मेट मांडीवर घेतलं होतंस. त्याची एक बाजू पार खरवडून निघाली होती. ते तू माझ्यापुढं धरलंस आणि म्हणालीस, "बघ. हे माझं डोकं झालं असतं." आणि जिंकल्यासारखी हसलीस. मीपण हसले, नजमे. मला काय माहीत. तुझे ओठ पांढरे पडलेत ते सरांच्या आधी लक्षात आलं.

गाडीत तुझं डोकं माझ्या मांडीवर. सांगलीपर्यंत तू बोलत होतीस. "उद्या पोरींचा सराव कोण घेणार?" मी म्हणाले, मी घेते. "त्यातली ती श्रावणी हाय ना, ती भितीय सूर मारायला. तिला ओरडू नगंस." नाही ओरडणार म्हणाले. "आणि त्यांना पळायचं शिकव. मला ते कवा जमलं न्हाई." मी म्हणाले, तूच शिकवशील. तू नुसता माझा अंगठा दाबलास.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आत रक्तस्राव होतोय, ऑपरेशन लगेच करायला लागेल. डोक्याला काहीच नाही, ते दोनदा म्हणाले, जणू तेवढी तरी बातमी आम्हाला चांगली द्यावी. अम्मी-अब्बा येईपर्यंत तयारी चालू होती. अम्मी आल्या तेव्हा तू त्यांना विचारलंस, "जेवलीस का?" अम्मी तुझ्या कपाळावरून हात फिरवत राहिल्या, खांबाची ती जुनी खूण अजून होती तिथं. अब्बा तुझ्या कानाशी वाकले. त्यांनी कलमा म्हटला, तू त्यांच्या मागून म्हटलास. संथ, स्पष्ट, एकही शब्द न चुकता. नंतर माझ्याकडं बघून म्हणालीस, "सारे, तू बस जरा. कवाधरनं उभी हायेस."

मग तुला आत नेलं. आणि उजाडायच्या आत सगळं संपलं.

मी त्या वेळी तुला काहीतरी म्हणायला हवं होतं. नर्स दार लावत होत्या आणि माझ्या तोंडातून फक्त "बसते" एवढंच निघालं. आणि मी खरंच बसले, तू सांगितलंस म्हणून. एवढ्या वर्षांत तुझं पहिल्या झटक्यात ऐकलेलं ते एकच.

तर धनाजी. त्याला मी शेवटी असं सांगितलं. म्हणाले, "धनाजी, हेल्मेटनं ती वाचली न्हाई. खरं हाय. पण साताऱ्याहून येताना तिला मी कोण ते कळत नव्हतं. तू त्या जीपमध्ये नव्हतास. मी होते. आणि शेवटच्या रात्री सांगलीला ती सगळ्यांना ओळखत होती. आईला जेवलीस का म्हणून विचारलं. बापाच्या मागून कलमा म्हटला. तिच्या अम्मीला शेवटी नजमाच भेटली, दुसरं कोण न्हाई. तुला हा उपेग कमी वाटतो का?"

त्यानं आपल्या मुडपलेल्या कानावरून हात फिरवला. मग हळूच म्हणाला, "मग पोटाला काय घालायचं?"

मी म्हणाले, "ते मला म्हाईत न्हाई."

"व्हय," तो म्हणाला. "कुणालाच न्हाई म्हाईत."

दुसऱ्या दिवशी तो हेल्मेट घालून आला. त्याच्या पुढच्या दिवशी विसरला. मग परत घालून आला. संजनानं सगळ्यांच्या टोप्या धुऊन आणल्या. कबड्डीच्या पोरांपैकी निम्म्यांना अजून वाटतं की हेल्मेट ही भित्र्यांची गोष्ट आहे. मी त्यांच्याशी भांडते. भांडताना माझ्या तोंडून तुझी वाक्यं निघतात, आणि तुझ्याइतकी चांगली निघत नाहीत. मी चिडते, तू चिडायची नाहीस.

मी घालते आता. पण एक सांगते, कान झाकले की मला मागचं कळत नाही, हे माझं म्हणणं मी सोडलेलं नाही. आरसा जास्त बघायला लागते, एवढंच. हे भांडण तू अर्ध्यावर टाकून गेलीस, तेव्हा ते बरोबरीत सुटलं असं मी धरून चालणार आहे. तुला मान्य नसणार. माहीत आहे मला.

तुझ्या पोरींचा सराव मी घेते. श्रावणीवर ओरडले नाही. अजून ती भितेच. भिऊ दे.

आता तुझ्या घरची गोष्ट. तुझी गाडी दुरुस्त होऊन आली आणि ओट्याजवळ उभी होती. अब्बा म्हणत होते विकून टाकू, बघवत नाही. एका रविवारी मी गेले तर अम्मी मला आत घेऊन गेल्या आणि दार लोटून म्हणाल्या, "सारिका, मला गाडी शिकवशील?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"ती लय मागं लागायची माझ्या," अम्मी म्हणाल्या. "अम्मी, शीक, अम्मी, शीक. मी म्हणायचे, ह्या वयात कुठं. आता ती म्हणायची थांबली तर मला वाटतंय शिकावं. माझी बहीण कोरेगावात, बाजार एकीकडं, दवाखाना दुसरीकडं. किती दिवस कुणी सोडंल म्हणून दारात उभी राहू?"

"अब्बा काय म्हणतील?"

"ते बोलत न्हाईत हल्ली. मी हेल्मेट आणायला सांगितलं तर गेले आणि घेऊन आले. कुणासाठी ते बी इचारलं न्हाई. दोन-तीन घालून बघितली म्हणे दुकानात, स्वतःच्या डोक्यावर."

आम्ही सकाळी मैदानावर शिकायला लागलो, पोरं यायच्या आधी. पहिल्या दिवशी अम्मींनी ब्रेक समजून मूठ पिळली, गाडी सुसाट सुटली आणि अम्मी नि गाडी दोघी मातीत आडव्या. अम्मी तशाच पडून राहिल्या. मी घाबरून जवळ गेले तर त्या हसत होत्या. तोंडावर हात ठेवून, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हसतायत. तू गेल्यापासून पहिल्यांदा. म्हणाल्या, "हे असं पडायची व्हय ती रोज?" मी म्हणाले, रोज. "आणि मी तिच्या गुडघ्यांवरनं किती बोलायचे तिला."

मग शिकल्या हळूहळू. आधी सरळ. मग वळण. मग मी मागं बसून, त्या पुढं. त्यांची पाठ तुझ्यासारखीच आहे, चालवताना तशीच डावीकडं कलते. हे मी त्यांना सांगितलं नाही, तुला सांगते.

काल त्यांनी मैदानाला दोन फेऱ्या मारल्या आणि गेटजवळ गाडी उभी केली.

"तू उतर आता," त्या म्हणाल्या.

मी उतरले. त्यांनी ओढणी नीट आत खोचली, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली ओढून बघितला, रस्त्यावर दोन्हीकडं बघितलं. उसाचा एक ट्रॅक्टर येत होता, तो जाऊ दिला. मग त्या निघाल्या. मी गेटात उभी राहून बघत होते. चौकात डावीकडं वळायच्या आधी त्यांनी हात बाहेर काढून दाखवला. मी हे शिकवायचं विसरले होते.

तुझी,
सारे